सरपण, सांखळीची करवत आणि जीप



आमच्या लहानपणीं गल्लीच्या टोंकाला सरपणाची एक वखार होती. वैशाखाच्या अखेरीस, पावसाळ्याची बेगमी करण्यासाठीं, आजी मला बरोबर घेऊन तेथें जात असे. वखारवाला तराजूच्या एका पारड्यांत लोखंडी वजनें टाकी, दुसऱ्यांत बाभळीचीं फोडलेलीं लांकडें रची आणि मणांचा हिशेब तोंडानेंच करी. आजीचा त्याच्या तराजूवर फारसा विश्वास नसे. ती ढिगांतून दोन तुकडे उचली, एकमेकांवर आपटी आणि कान देऊन ऐके. खणखणीत आवाज आला तर लांकूड सुकें. भद्द आवाज आला तर तें ओलें, म्हणजे पाण्याचेच पैसे मोजावयाचे!

सरपणाच्या त्या साध्या व्यवहारामागें झाड पाडणें, त्याचे ओंडके करणें, ते ओढून आणणें, फोडणें, सुकविणें आणि शेवटीं मोजून देणें अशी कामांची एक लांबच लांब माळ आहे, हें त्या वयांत कोठून ठाऊक असणार? या माळेंतील दोन कामें, कापणें आणि ओढणें, मनुष्याचें हाड न् हाड खिळखिळें करणारीं होतीं. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अवघ्या पंचवीस-तीस वर्षांत या दोन्ही कामांचें स्वरूप पालटलें. तें कसें पालटलें, याचीच हकीकत आज सांगावयाची आहे. ती मुख्यतः जर्मनी आणि अमेरिका या दोन देशांत घडली. म्हणून आपणांसही तिकडेच गेलें पाहिजे.

आरंभ जुन्या काळापासून करूं. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागांत, ज्यास न्यू इंग्लंड म्हणतात, तेथें येऊन राहिलेल्या इंग्रज कुटुंबांना एका वर्षांत तीस ते चाळीस कॉर्ड लांकूड लागे, असें इतिहासकार सांगतात. आतां कॉर्ड म्हणजे काय? चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी लांकडांची रचलेली रास. म्हणजे १२८ घनफूट. दोरीनें रास मोजण्याच्या जुन्या चालीवरून हें नांव पडलें. एवढें लांकूड उघड्या भिंतींतल्या चुलीवाटें बहुतेक धुरांड्यांतूनच आकाशांत जात असे. तेव्हां गांवांभोंवतालचें जंगल मागें हटत गेलें यांत नवल नाहीं. बेंजामिन फ्रँकलिन यानें १७४४ मध्यें आपल्या नव्या शेगडीविषयीं एक पुस्तिका प्रसिद्ध केली; पूर्वीं दाराशीं मिळणारें सरपण आतां कांहीं शहरांना जवळजवळ शंभर मैलांवरून आणावें लागतें, अशी तक्रार तींत आहे. विजेचा संशोधक म्हणून आपण ज्यास ओळखतों, त्यास सरपणाची चिंता होती, हें पाहून मला तरी तो गृहस्थ अधिक जवळचा वाटतो.

हें सर्व लांकूड कुऱ्हाडीनें आणि पुढें दोन माणसांच्या लांब करवतीनें कापलें जाई. ही करवत ओबडधोबड हत्यार होती अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. तिचे दांत दोन जातींचे असत. एका जातीचे दांत लांकडाचे तंतू दोन्ही अंगांनीं चिरीत. दुसऱ्या जातीचे दांत मधला भाग रंध्याप्रमाणें खरवडून बाहेर काढीत. धार उत्तम लागली असेल तर भुशाऐवजीं शेवयांसारखे लांब तंतू पडत. परंतु टोंकाला धरून ती ओढणारांचे हाल विचारूं नका. एकानें ओढावें, दुसऱ्यानें नुसतें सैल सोडावें; ढकललें तर पातें वांकतें आणि जोडीदाराच्या शिव्या खाव्या लागतात. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील लांकूडतोडे या करवतीला ‘दुःखाचा चाबूक’ अशा अर्थाच्या नांवानेंच ओळखीत.

या चाबकापासून सुटका करणारी सांखळीची करवत प्रथम जंगलांत जन्मली नाहीं. ती शस्त्रवैद्याच्या खोलींत जन्मली! १८३० च्या सुमारास जर्मनींतील व्युर्ट्‌सबुर्ग येथील बर्नहार्ड हाइने यानें हाडें कापण्यासाठीं एक हत्यार तयार केलें. एका पट्टीभोंवतीं बारीक दांतांची सांखळी, आणि ती फिरविण्यासाठीं हातानें चालवावयाचा दांडा. हातोडी-छिन्नीचे धक्के न देतां हाड कापतां यावें एवढाच त्याचा हेतु होता. येथून सरळ आजच्या करवतीपर्यंत वंशावळ काढण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो आवरावासा वाटतो. कल्पना एक असली तरी हाइनेचें हत्यार पाहून कोणीं झाडाची करवत बनविली, असा पुरावा नाहीं. १९०५ मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथील सॅम्युएल बेन्स यास अखंड सांखळीच्या करवतीचा हक्क मिळाला. त्याच्या डोळ्यांपुढें कॅलिफोर्नियांतील अजस्र रेडवुड वृक्ष होते. पण ती करवत कोणाच्या खांद्यावरून डोंगर चढण्याजोगी नव्हती.

डोंगर चढणारें यंत्र जर्मनींतच निघालें. आंद्रेआस श्टील या स्टुटगार्टच्या अभियंत्यानें १९२६ मध्यें विजेवर चालणारी सांखळी-करवत केली. वीज जंगलांत कोठून आणावयाची, हा प्रश्न होताच. दुसऱ्याच वर्षीं एमिल लेर्प यानें पेट्रोलवर चालणारी करवत थुरिंगियांतील डोल्मार नांवाच्या डोंगरावर चालवून दाखविली आणि त्या डोंगराचेंच नांव आपल्या मालाला दिलें. १९२९ मध्यें श्टीलनेंही पेट्रोलचें यंत्र काढलें. तें सहा अश्वशक्तीचें होतें व त्याचें वजन सुमारें ४६ किलो होतें. म्हणजे दोन माणसांची करवत जाऊन दोन माणसांचेंच यंत्र आलें! एकानें इंजिन धरावयाचें, दुसऱ्यानें पट्टीचें टोंक धरावयाचें. आणि ओढण्याचे कष्ट वांचले तरी उचलण्याचे वाढले.

खरी अडचण मात्र वजनाची नव्हती, दांतांची होती. या आरंभीच्या सांखळ्यांना जुन्या करवतीचेच दांत बसविलेले असत. हातानें संथ ओढावयाच्या करवतीला जे दांत शोभतात, ते वेगानें धांवणाऱ्या सांखळीला मानवत नाहींत. ते लवकर बोथट होत आणि एकेका दांताला कानस लावतां लावतां अर्धा दिवस जाई. १९४६ च्या शरद ऋतूंत ऑरेगॉनमध्यें जो कॉक्स नांवाचा एक लांकूडतोड्या सरपण फोडीत होता. एका बुंध्यांत त्याला बोटाएवढी जाड अळी दिसली. लांकूड पोखरणाऱ्या एका भुंगेऱ्याची ती अळी होती. ती तंतूंच्या दिशेनें जेवढ्या सहजपणें खात होती, तेवढ्याच सहजपणें आडवीही खात होती. कॉक्सला या गोष्टीचें नवल वाटलें. त्यानें अळीचा जबडा बारकाईनें पाहिला: एक वांकडा दांत डावीकडे, एक उजवीकडे; चावण्याऐवजीं दोन्ही आळीपाळीनें कोरीत चाललेले.

त्याच धर्तीवर त्यानें पोलादी दांत घडविला. त्याची रचना समजावून घेण्याजोगी आहे. दांताचा माथा आडवा वांकविलेला असतो, त्यामुळें एकच कोपरा बाजूनें चिरतो आणि वरची धार तळाचें लांकूड ढलपीसारखें उचलते. जुन्या करवतीचे दोन जातींचे दांत जणूं एकांतच आले. प्रत्येक दांतापुढें एक ठेंगणा उंचवटा असतो. दांतानें किती खोल शिरावयाचें तें हा उंचवटा ठरवितो. तो घांसून फार खालीं केला तर सांखळी हावरटासारखी लांकूड धरते आणि यंत्र हातांत उसळतें. शिवाय गोल कानशीचे दोन-तीन हात मारले कीं धार पुनः तयार. १९४७ मध्यें कॉक्सनें पोर्टलंड शहरांतील आपल्या घराच्या तळघरांत अशा सांखळ्या विकण्यासाठीं बनविण्यास प्रारंभ केला. आज जगांत कोठेंही करवतीची सांखळी हातीं घ्या, तिच्या दांताची घडण याच कुळांतील असते. एवढ्या पंडितांनीं व कारखानदारांनीं डोकें खाजवून जें साधलें नाहीं, तें सरपण फोडणाऱ्या मजुरानें एका किड्याकडून शिकून घेतलें. हा भाग मला या सर्व इतिहासांत अत्यंत रम्य वाटतो.

दुसऱ्या महायुद्धांत विमानांसाठीं हलक्या धातूंचें ओतकाम पुष्कळ सुधारलें होतें. त्याचा लाभ करवतीला झाला. १९४९ मध्यें मॅककलॉक या अमेरिकन कारखान्यानें २५ पौंडांची, एका माणसानें चालविण्याची करवत विक्रीस आणली. श्टीलची एकट्यानें पेलावयाची पेट्रोल-करवत १९५० मधली, आणि १९५९ मध्यें ‘कॉन्ट्रा’ नांवाची त्याचीच सुमारें १२ किलोंची करवत आली. मधल्या काळांत पेट्रोल पुरविणारा भाग असा सुधारला कीं, यंत्र आडवें धरा, उलटें धरा, इंजिन बंद पडेनासें झालें. दोन माणसांच्या जागीं आतां एक माणूस उभा राहिला. दुसऱ्याचें काय झालें, तें सांखळीच्या इतिहासांत लिहिलेलें नसतें.

याच काळांत युरोपांत काय चाललें होतें, तेंही सांगितलें पाहिजे. युद्ध संपलें तेव्हां बर्लिन शहरांत कोळसा मिळेना. १९४५ आणि १९४६ चे हिवाळे लोकांनीं कुडकुडत काढले. शहराच्या मध्यभागीं टियरगार्टेन नांवाचें जुनें राजोद्यान आहे. त्यांत पूर्वीं सुमारें दोन लाख झाडें होतीं. बाँबहल्ल्यांतून वांचलेलीं झाडें लोकांनीं सरपणासाठीं कापून नेलीं आणि अखेर अवघीं सातशेंच्या आसपास उरलीं. यंत्रें नव्हतीं; घरांतली करवत, कुऱ्हाड आणि मुलांची हातगाडी, एवढ्यावर एक अरण्य चुलींत गेलें. मोकळ्या झालेल्या जमिनींत लोकांनीं बटाटे लावले. १९४९ च्या मार्चमध्यें महापौर एर्न्स्ट रॉयटर यांनीं तेथें लिंडेनचें पहिलें रोप लावलें. जंगलाचा नाश यंत्रच करतें, असें म्हणणारांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी. थंडीनें गांठलेलें शहर यंत्रावांचूनही तें करूं शकतें.

आतां ओढण्याकडे वळूं. झाड पाडणें हें अर्धेंच काम; रानांतून रस्त्यापर्यंत लांकूड आणण्यांतच खरा खर्च होतो. पूर्वीं हें काम बर्फ पडल्यावर करीत, कारण गोठलेल्या जमिनीवरून घोड्यांची घसरगाडी सहज चालते. वसंतांत चिखल झाला कीं काम थांबे. हा नेम कोणी मोडला, तर लष्करी गाडीनें. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकन सैन्यानें हलक्या, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळेल अशा गाडीची मागणी कारखान्यांकडे केली. बँटम कंपनीनें पहिली गाडी सप्टेंबरमध्यें हजर केली, आणि पुढें विलीस व फोर्ड यांनीं युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. दोनच चाकांना जोर असला तर त्यांपैकीं एक चिखलांत फिरूं लागतांच गाडी खिळते. चारही ओढूं लागलीं आणि जोडीला मंद गतीचा पण भारी ओढीचा गियर असला, तर तीच गाडी खडकांतून, ओढ्यांतून बाहेर येते.

१९४५ मध्यें विलीस कंपनीनें शेतकऱ्यांसाठीं जीप काढली. तिच्या मागच्या बाजूला इंजिनाची शक्ति बाहेर घेण्याची सोय होती. तिला पट्टा जोडून गोल पात्याची करवत फिरवितां येई. म्हणजे जी गाडी ओंडका ओढून आणी, तीच अंगणांत उभी राहून त्याचे चुलीजोगे तुकडे करी. ‘लष्कराची जीप पेटींत बांधलेली, पन्नास डॉलरांत’ अशा जाहिराती त्या देशांत पुष्कळ वर्षें झळकल्या. पैसे पाठविणारास पेटी येत नसे. येई तो सरकारी विक्रीची माहिती सांगणारा कागद!

जर्मनींत हाच प्रश्न निराळ्या वाटेनें सुटला. आल्बर्ट फ्रीड्रिख या अभियंत्यानें शेत आणि रान दोहोंत उपयोगी पडेल असें वाहन आंखलें. त्याच्या दोन बाजूंच्या चाकांतील अंतर १२७० मिलिमीटर ठेविलें होतें, कारण तेवढ्यांत बटाट्यांच्या दोन ओळी बसतात. उपासमारीच्या त्या वर्षांत अभियंत्याची पट्टीही बटाट्यानेंच ठरावी, यांत काय आश्चर्य! १९४८ पासून गोप्पिंगेन येथें आणि १९५१ पासून डाइमलर-बेंझच्या गागेनाउ कारखान्यांत हें ‘उनिमोग’ बनूं लागलें आणि त्या देशाच्या अरण्यखात्यांत घोड्याची जागा त्यानें पुष्कळ अंशीं घेतली. आपल्याकडेही, युद्धानंतर लवकरच, महिंद्र बंधूंच्या कंपनीनें मुंबईस माझगांव येथें विलीसच्या जीपा जोडण्यास प्रारंभ केला. परंतु त्या येथें साहेबांना, अधिकाऱ्यांना आणि निवडणुकीच्या उमेदवारांनाच अधिक लाभल्या. सरपण आपल्या डोंगरांत बायकांच्या डोक्यावरूनच उतरत राहिलें.

करवत आणि जीप या दोहोंचें खरें राज्य मात्र पुढें, १९७३ नंतर आलें. त्या वर्षीं ऑक्टोबरांत अरब देशांनीं तेलाची कोंडी केली आणि तीन डॉलरांच्या आसपास असलेला पिंपाचा भाव कांहीं महिन्यांत जवळजवळ बारांवर गेला. न्यू इंग्लंडमधील घरें तेलावर तापत असत. लोकांनीं आजोबांच्या शेगड्या माळ्यावरून काढल्या. व्हर्मांट राज्यांत १९७५ मध्यें नवा शेगड्यांचा कारखाना निघाला. आणि ज्यांनीं जन्मांत कुऱ्हाड धरली नव्हती असे शाळामास्तर व कारकून शनिवारीं करवत घेऊन रानांत शिरूं लागले. कांहींनीं सरपणाची विक्रीच आरंभिली. भांडवल तें किती? एक करवत, एक जुनी चारचाकी जोराची गाडी, एक पाचर आणि एक घण.

या उत्साहाची किंमतही मोजावी लागली. धांवत्या सांखळीच्या पट्टीचें वरचें टोंक कशास लागलें, तर पट्टी निमिषार्धांत उसळून चालविणाराच्या तोंडाकडे येते. १९७० च्या दशकाच्या आरंभीं पुढच्या दांडीपुढें मनगटाचा धक्का लागतांच सांखळी रोखणारा गतिरोधक निघाला, तो यासाठींच. धंदेवाल्यांचें दुखणें निराळें होतें. रोज तासच्या तास यंत्राचा थरकाप हातांत घेतल्यानें बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो. थंडींत तीं पांढरींफटक पडतात, बधिर होतात, आणि पुढें सदऱ्याची गुंडी लावणेंही कठीण होतें. स्वीडन, फिनलंड, ब्रिटन या देशांत शेंकडों लांकूडतोड्यांना हा विकार जडल्याचें साठ-सत्तरच्या दशकांत आढळून आलें. मग मुठी आणि इंजिन यांच्यामध्यें रबर बसविण्यांत आलें आणि पुष्कळ फरक पडला. मात्र ज्यांचीं बोटें आधींच गेलीं, त्यांचीं गेलीं.

उरला प्रश्न मोजण्याचा, आणि येथें मला पुनः आमच्या वखारींत आल्यासारखें वाटतें. ओल्या ओक लांकडाच्या एका कॉर्डचें वजन दोन टनांच्या घरांत जातें. जीपच्या पाठीवर तें मावणें शक्यच नाहीं. आठ फुटी पेटीच्या मालगाडींतही नीट रचून अर्धा कॉर्ड बसतो. मग विकणारा म्हणतो, ‘गाडीभर घ्या.’ गाडी कोणती, रचलेली कीं नुसतीं लांकडें फेंकून भरलेली? फेंकून भरलेल्या ढिगांत हवाच अधिक. एक फूट-दीड फूट जाडीची रास लावून तिलाही ‘दर्शनी कॉर्ड’ असें भारदस्त नांव देतात, आणि नवखा गिऱ्हाईक तिसऱ्या हिश्शाच्या मालाला पूर्ण किंमत देऊन बसतो. म्हणून तेथील अनेक राज्यांनीं कायदाच केला कीं, सरपण विकावयाचें तें कॉर्ड किंवा त्याचा अपूर्णांक सांगूनच. ‘गाडीभर’ हें माप चालणार नाहीं.

सरकारी रानांतही परवान्याची पद्धत आहे. ठराविक कॉर्डांचे पैसे भरावे, चिठ्ठी मिळते ती लादलेल्या मालावर लावावी, आणि बहुधा मेलेलें वा पडलेलें झाडच कापावें. जीप मात्र वाटेल तेथें घालतां येत नाहीं. ओल्या मातींत चाकांनीं पाडलेल्या चऱ्या पुढच्या पावसांत ओहोळ होतात, हें अनुभवानें कळल्यावर २००५ मध्यें अमेरिकन अरण्यखात्यानें नियम केला कीं, नेमून दिलेल्या रस्त्यांवरूनच वाहनें न्यावीत. ज्या गाडीचा सारा अभिमान वाट नसलेल्या ठिकाणीं जाण्याचा, तिला वाटेवरच ठेवण्याचा हा हुकूम! लांकूडतोड्यांनीं कुरकुर केली असेल. पण ज्यांनीं अशा चऱ्या पाहिल्या आहेत ते हुकमाला नांवें ठेवणार नाहींत.

सुकविण्याच्या कामाला मात्र आजपर्यंत कोणत्याही यंत्राची घाई फारशी मानवलेली नाहीं. ताज्या लांकडाच्या वजनांत कित्येकदां अर्धें पाणीच असतें. तें वीस टक्क्यांच्या खालीं येईपर्यंत लांकूड धूर करतें, उष्णता कमी देतें आणि धुरांड्यांत डांबरासारखा थर सांचवितें. तो पेटला म्हणजे घराला आग लागते. त्यासाठीं फोडलेलें लांकूड वाऱ्यावर रचून ठेवावें लागतें, आणि ओकसारख्या झाडाला एक वर्ष, कधीं दोन वर्षें द्यावीं लागतात. घाईनें विकणारा हीं वर्षें गिऱ्हाइकाच्या माथीं मारतो. आतां ओलावा सांगणारें, दोन सुयांचें छोटें विजेचें यंत्रही मिळतें. पण व्हर्मांटच्या खेड्यांतील जुनीं माणसें अंगणांत गाडी येऊन थांबली कीं पैसे काढण्यापूर्वीं ढिगांतून दोन तुकडे उचलतात, एकमेकांवर आपटतात आणि कान देऊन ऐकतात.